पुढचा जोर, मागचा लगाम

१२ एप्रिल १९९९ चा दिवस. इंग्लंडमधील लीड्स शहरातल्या एलंड रोड मैदानावर लीड्स आणि लिव्हरपूल या संघांचा सामना चालू होता. लिव्हरपूलकडून खेळणारा मायकेल ओवेन तेव्हा अवघा १९ वर्षांचा होता. आदल्या वर्षी फ्रान्समध्ये झालेल्या विश्वचषक स्पर्धेत त्याने अर्जेंटिनाविरुद्ध केलेला गोल जगभर गाजला होता. प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकणारा भन्नाट वेग हीच त्याची खरी पुंजी होती. त्या दिवशीही पुढे आलेला चेंडू गाठण्यासाठी तो सुसाट सुटला आणि मध्येच त्याला थांबावे लागले. कुणी त्याला लाथ मारली नव्हती, कुणी पाडले नव्हते. त्याच्या मांडीच्या मागचा स्नायू धावता धावताच फाटला होता.

तो मोसम ओवेनसाठी तिथेच संपला. तो पुढे परतला, इंग्लंडकडून एकूण ४० गोल केले, २००१ मध्ये युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा मानही मिळवला. मात्र मांडीच्या दुखापतींनी त्याची पाठ सोडली नाही. एका पायात तीन आणि दुसऱ्या पायात दोनच स्नायू घेऊन आपण उरलेली कारकीर्द काढली, असे त्याने नंतर सांगितले आहे. शेवटच्या काही वर्षांत तर मोकळ्या जागेत जोराने धावायचीच त्याला धास्ती वाटे. ज्याची ओळखच वेग होती, त्याच्यावर ही पाळी यावी, यावरून या दुखापतीची कल्पना यावी.

अशी दुखापत ओवेनच्या एकट्याच्याच वाट्याला आली असे नाही. युरोपातील फुटबॉल महासंघ, म्हणजे यूएफा, २००१ पासून मोठ्या क्लबांतील खेळाडूंच्या दुखापतींची पद्धतशीर नोंद ठेवीत आहे. २००१-०२ च्या मोसमात एकूण दुखापतींपैकी मांडीच्या मागच्या स्नायूंच्या दुखापती १२ टक्के होत्या. २०२१-२२ च्या मोसमात हे प्रमाण २४ टक्क्यांवर गेले. डॉक्टर वाढले, यंत्रे वाढली, पैसा तर कितीतरी पटींनी वाढला. पण दुखापतींचा हा वाटा दुपटीने वाढला. असे का होते आणि ते टाळता येते का, हे समजून घेण्यासाठी आधी मांडीची रचना पाहायला हवी.

मांडीतले दोन गट

मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायूंचा एक दणकट गट असतो. त्याला क्वाड्रिसेप्स म्हणतात. गुडघा सरळ करणे हे त्याचे मुख्य काम. खुर्चीतून उठताना, जिना चढताना, उडी मारताना आणि चेंडूला लाथ मारताना हाच गट जोर लावतो.

मांडीच्या मागच्या बाजूला तीन स्नायूंचा गट असतो. त्याला हॅमस्ट्रिंग म्हणतात. बसताना जे हाड जमिनीला टेकते, तिथून हे स्नायू निघतात आणि गुडघ्याच्या खाली, पायाच्या हाडांना जाऊन चिकटतात. खुर्चीवर बसून टाच जमिनीवर दाबली आणि गुडघ्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोटे लावली, तर ताठ दोरीसारखे काहीतरी हाताला लागते. ती या स्नायूंचीच खालची टोके. गुडघा वाकवणे आणि मांडी मागे खेचणे ही त्यांची कामे. खुबा आणि गुडघा अशा दोन सांध्यांवरून ते जात असल्याने दोन्ही सांध्यांच्या हालचालीचा ताण त्यांना एकाच वेळी सोसावा लागतो.

पुढचा गट मागच्यापेक्षा निसर्गतःच बलवान असतो. त्यात गैर काही नाही. प्रश्न येतो तो दोघांमधली तफावत फार वाढली की. फुटबॉलपटू वर्षानुवर्षे चेंडूला लाथा मारतो, त्यामुळे पुढचा गट आपोआप कसला जातो. व्यायामशाळेत गेला तरी आरशात दिसणाऱ्या पुढच्या मांडीकडेच त्याचे लक्ष अधिक असते. मागची बाजू दिसत नाही, म्हणून ती मागेच राहते.

लगाम केव्हा तुटतो

स्नायू आखडताना जोर लावतो हे सर्वांना ठाऊक असते. पण तो लांब होत असतानाही जोर लावतो, हे पटकन ध्यानात येत नाही. विहिरीत भरलेली घागर दोराने हळूहळू खाली सोडताना हात लांब होत जातात, तरीही दंडाला घागरीचे वजन पेलावेच लागते. अशा कामात स्नायूच्या तंतूंवर मोठा ताण येतो. गड चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या मुख्यतः उतरणीमुळे. उतरताना मांडीचे स्नायू लांब होत होत शरीराचे वजन सावरीत असतात.

वेगाने धावणाऱ्या खेळाडूच्या हॅमस्ट्रिंगचे काम असेच असते. प्रत्येक ढांगेत पाय पुढे फेकला जातो आणि गुडघा सरळ होऊ लागतो. पाय जमिनीला टेकण्याच्या अगदी आधी त्याला आवर घालावा लागतो, नाहीतर नडगी झटक्याने पुढे जाईल. हा आवर घालतात मागचे स्नायू. त्या क्षणी खुबा दुमडलेला आणि गुडघा जवळजवळ सरळ असतो, म्हणजे हे स्नायू दोन्ही टोकांनी ताणलेले असतात आणि त्याच स्थितीत त्यांना पूर्ण जोर लावायचा असतो. लगाम खेचायचा, तोही तो सुटत असताना. सेकंदाच्या लहानशा अंशात हे सारे घडते आणि एका सामन्यात अनेकदा घडते. धावताना होणाऱ्या बहुतेक दुखापती याच घडीला होतात, असे अभ्यासक मानतात. त्यातही बाहेरच्या बाजूचा बायसेप्स फिमोरिस हा स्नायू सर्वांत जास्त वेळा दुखावतो.

घोडा उमदा आणि लगाम कच्चा असला की काय होते, हे वेगळे सांगायला नको. पुढचा गट पायाला जितक्या जोराने पुढे ढकलतो, तितकाच मागच्या गटावर पाय आवरण्याचा भार पडतो. म्हणूनच क्रीडावैद्यकाने या दोन गटांच्या ताकदीचा तोल मोजायला सुरुवात केली.

तोल मोजणारे यंत्र

या तपासणीसाठी आयसोकायनेटिक डायनामोमीटर नावाचे यंत्र वापरतात. खेळाडूला खुर्चीत बसवून छाती आणि मांडी पट्ट्यांनी बांधतात आणि घोट्याच्या वर यंत्राचा दांडा अडकवतात. खेळाडूने कितीही जोर लावला तरी दांडा ठरलेल्या वेगानेच फिरतो आणि लावलेला जोर यंत्र नोंदवून घेते. आधी पुढच्या गटाचा जोर मोजायचा, मग मागच्या गटाचा आणि मग दोन्हींचे प्रमाण काढायचे. संथ वेगात मागच्या गटाचा जोर पुढच्याच्या साधारण ६० टक्के असावा, असे ढोबळ मानाने धरले जाते. समजा, पुढचा गट २०० भरला, तर मागचा १२० च्या आसपास हवा. मागच्या गटाचा लांब होतानाचा जोर वेगळा मोजला, तर लगामाची कल्पना अधिक चांगली येते. उजव्या-डाव्या पायातला फरकही पाहिला जातो.

बेल्जियममधील संशोधक जाँ-लुई क्रोइझिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरचा एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. बेल्जियम, ब्राझील आणि फ्रान्समधील व्यावसायिक फुटबॉलपटूंची त्यांनी मोसमापूर्वी तपासणी केली आणि त्यांपैकी ४६२ जणांचा मोसमभर मागोवा घेतला. त्यांतील ३५ जणांना हॅमस्ट्रिंगची दुखापत झाली. तोल बिघडलेला असूनही ज्यांनी काहीच उपाय केला नाही, त्यांना दुखापत होण्याचा धोका तोल नीट असलेल्यांच्या मानाने साडेचार पटींहून अधिक निघाला. ज्यांनी व्यायाम करून तोल सुधारला आणि पुन्हा तपासणी करून तो सुधारल्याची खात्री करून घेतली, त्यांचा धोका जवळजवळ निरोगी खेळाडूंइतका खाली आला. ज्यांनी व्यायाम केला, पण फेरतपासणी केली नाही, ते मधल्या मध्ये राहिले.

हा निष्कर्ष आशादायक होता. आता यंत्रावर बसवले की कुणाचा स्नायू फाटणार हे आधीच कळेल, अशी अपेक्षा निर्माण झाली. परंतु शरीराचे गणित इतके सरळ नसते. कतारमध्ये ६१४ व्यावसायिक फुटबॉलपटूंवर चार मोसम चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये बाहेर आले. त्यांतील १९० जणांना हॅमस्ट्रिंगची दुखापत झाली होती. यंत्राच्या आकड्यांशी तिचा संबंध दिसला, पण तो फारच क्षीण होता. दुखापत झालेले आणि न झालेले यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले होते, की एखाद्याचा आकडा पाहून त्याचे भविष्य सांगणे शक्य नव्हते.

याचा अर्थ ताकदीचा तोल महत्त्वाचा नाही असा नव्हे. दुखापतीला इतरही कारणे असतात. पूर्वी तीच दुखापत झालेली असणे हे त्यांतले सर्वांत ठळक कारण. वाढते वय, थकवा, लागोपाठचे सामने, विश्रांतीनंतर एकदम पूर्ण वेगात धावणे यांचाही वाटा असतो. तपासणीत चांगला आकडा आला म्हणून निर्धास्त राहणे जितके चुकीचे, तितकेच वाईट आकडा आला म्हणून खेळ सोडणेही चुकीचे. कोण दुखावणार हे नेमके ओळखता येत नसेल, तर शहाणपणाचा मार्ग एकच उरतो, तो म्हणजे सर्वांचेच मागचे स्नायू बळकट करणे.

यंत्राशिवायचा उपाय

सुदैवाने त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. हा व्यायाम नॉर्डिक हॅमस्ट्रिंग या नावाने ओळखला जातो आणि तो मैदानावर किंवा घरात सतरंजीवरही करता येतो. खेळाडूने मऊ जागेवर गुडघे टेकून ताठ उभे राहावे. जोडीदाराने मागे बसून त्याचे दोन्ही घोटे जमिनीशी घट्ट धरावेत. मग गुडघ्यापासून डोक्यापर्यंत शरीर एका रेषेत ठेवून, कमरेत न वाकता, हळूहळू पुढे झुकावे. खाली जाणे जितके लांबवता येईल तितके मांडीच्या मागच्या स्नायूंच्या जोरावर लांबवावे. तोल सुटला की तळहात जमिनीवर टेकून अंग सावरावे आणि हातांनीच रेटा देऊन पुन्हा सरळ व्हावे. स्नायू लांब होत असताना जोर लावण्याची सवय त्याला यातून लागते.

व्यायामशाळेत पालथे झोपून टाचेने वजन ओढण्याचे जे यंत्र असते, त्याने हे काम होत नाही का, असा प्रश्न नॉर्वेतील संशोधकांनाही पडला होता. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात एका गटाने ते यंत्र वापरले, तर दुसऱ्याने नॉर्डिक व्यायाम केला. दहा आठवड्यांनंतर नॉर्डिक गटाची लांब होतानाची ताकद ११ टक्क्यांनी वाढली, यंत्रवाल्या गटाची मात्र वाढली नाही.

खरी कसोटी डेन्मार्कमध्ये झाली. ५० संघांतील ९४२ खेळाडूंचे दोन भाग करण्यात आले. एका भागाने नेहमीच्या सरावाला या व्यायामाची जोड दिली, दुसऱ्याने फक्त नेहमीचाच सराव चालू ठेवला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार व्यायाम करणाऱ्यांत १५, तर न करणाऱ्यांत ५२ दुखापती झाल्या. नेदरलँड्समधील ५७९ हौशी खेळाडूंवरच्या अभ्यासातही २०१५ मध्ये असेच चित्र दिसले. व्यायाम करणाऱ्या गटात ११ आणि दुसऱ्या गटात २५ खेळाडूंना दुखापत.

डेन्मार्कमध्ये हा व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवत नेला होता. ते टप्पे असे :

पहिला आठवडा : एकच दिवस, ५ वेळा याप्रमाणे २ फेऱ्या.
दुसरा आठवडा : दोन दिवस, ६ वेळा याप्रमाणे २ फेऱ्या.
तिसरा आठवडा : तीन दिवस, ६ ते ८ वेळा याप्रमाणे ३ फेऱ्या.
चौथा आठवडा : तीन दिवस, ८ ते १० वेळा याप्रमाणे ३ फेऱ्या.
पाचवा ते दहावा आठवडा : तीन दिवस, अनुक्रमे १२, १० आणि ८ वेळा अशा ३ फेऱ्या.
त्यानंतर मोसमभर : आठवड्यातून एक दिवस.

सुरुवातीला मांड्या चांगल्याच भरून येतात. पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात तीस-चाळीस वेळा केल्यास पुढचे दोन-तीन दिवस चालणेही कठीण होते. म्हणून हे टप्पे पाळावेत आणि सामन्याच्या आदल्या दिवशी हा व्यायाम करू नये. ज्याची मांडी आधीच दुखत आहे, त्याने डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय सुरुवात करू नये.

माहीत असून न करणे

इतका सोपा उपाय हाताशी असताना दुखापतींचे प्रमाण वाढले कसे? याचे एक उत्तर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सापडते. युरोपच्या चॅम्पियन्स लीगमधील आणि नॉर्वेच्या वरच्या श्रेणीतील ५० संघांकडे तीन मोसमांसाठी विचारणा करण्यात आली. हा व्यायाम ठरल्याप्रमाणे पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण जेमतेम ११ टक्के निघाले. औषध घरात आणून ठेवायचे आणि बाटलीचे झाकणच उघडायचे नाही, त्यातला हा प्रकार.

अर्थात हे एकमेव कारण नव्हे. खेळाचा वेग वाढला आहे, सामन्यांची संख्या वाढली आहे आणि दोन सामन्यांमधली विश्रांती कमी झाली आहे. पण वेळापत्रक खेळाडूच्या हातात नसते, मांडीची तयारी मात्र बऱ्याच अंशी असते.

मुलींच्या बाबतीत या तोलाला आणखी एक महत्त्व आहे. गुडघ्याच्या आत एसीएल नावाचा एक बंध असतो. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे हे त्याचे काम आणि त्यात हॅमस्ट्रिंग त्याला साथ देतात. फुटबॉल खेळणाऱ्या मुलींमध्ये हा बंध तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त आढळते. त्यामुळे मुलींच्या सरावात मागच्या स्नायूंच्या व्यायामाला जागा हवीच. फिफाने तयार केलेल्या सुमारे वीस मिनिटांच्या पूर्वतयारीच्या व्यायामात धावणे, उड्या, तोल सांभाळणे यांच्या जोडीला नॉर्डिक व्यायामही आहे. तो मुलामुलींच्या कोणत्याही संघाला विनाखर्च करता येतो.

दुखापत झालीच तर

पायात गोळा येणे आणि स्नायू फाटणे यांत फरक आहे. गोळा आला तर पाय ताणल्यावर थोड्या वेळात आराम पडतो. स्नायू फाटला, तर धावताना मांडीत मागून दगड लागल्यासारखी कळ येते, कधी कट्कन आवाज झाल्याचा भास होतो आणि पाय ताणला की दुखणे वाढते. एक-दोन दिवसांनी तिथे काळानिळा डागही दिसू शकतो.

अशा वेळी खेळ तत्काळ थांबवावा. 'थोडे पळून बघ, मोकळे होईल' हा मैदानावरचा सल्ला मुळीच ऐकू नये. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावावा, क्रेप बँडेज बेताने बांधावे आणि पाय उंचावर ठेवावा. आपल्याकडे अशा वेळी तेल गरम करून मांडी रगडण्याची पद्धत आहे. त्यामागे माया असते, पण आत रक्तस्राव होत असताना चोळण्याने तो वाढतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस चोळणे, रगडणे आणि कडक शेक कटाक्षाने टाळावा. चालता येत नसेल, मोठा डाग पडला असेल किंवा बसण्याच्या हाडापाशी जोरदार दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. तेरा ते सतरा या वयात त्या ठिकाणचे हाड अजून पूर्ण जुळलेले नसते आणि स्नायूच्या झटक्याने हाडाचाच तुकडा सुटू शकतो. तो एक्स-रे काढल्यावर कळतो.

परतण्याची घाई ही तर सर्वांत मोठी चूक. किरकोळ दुखापतीलाही दोन-तीन आठवडे लागू शकतात, मोठ्या दुखापतीला काही महिने. दुखणे थांबले म्हणजे स्नायू बरा झाला असे नाही. पुन्हा उद्भवणाऱ्या दुखापतींपैकी बहुतेक खेळाडू मैदानावर परतल्यापासून दोन महिन्यांच्या आत होतात. आधी वेदनेशिवाय चालणे, मग हळू धावणे, मग ताकद पूर्ववत करणे आणि शेवटी पूर्ण वेगाने धावणे, हा क्रम मोडू नये.

कोल्हापूरच्या पेठांमधून, गोव्याच्या गावांमधून, कोलकात्याच्या मैदानावर असंख्य मुले रोज चेंडूमागे धावत असतात. त्यांच्यापैकी फार थोड्यांना तोल मोजण्याचे यंत्र पाहायला मिळेल. पण गुडघ्याखाली घालायला सतरंजीची घडी आणि घोटे धरायला एक मित्र प्रत्येकाला मिळू शकतो. मित्र नसेल त्या दिवशी आईने किंवा बाबांनी घोटे धरावेत. पाच-दहा मिनिटांचेच ते काम आहे. मुलाच्या पायातला वेग सगळ्यांना दिसतो, टाळ्याही त्यालाच मिळतात. तो वेग पेलणारा लगाम मात्र मांडीच्या मागे असतो आणि त्याची काळजी घरातूनच घेता येते.